मागचं डावं चाक

आवाज आधी मला माझ्या कानातलाच वाटला. दोन वर्षांपासून डाव्या कानात मधूनच भुणभुण सुरू होते. डॉक्टर म्हणतो वयामुळे, मी म्हणतो एकतीस वर्षं रस्ते खात्यात रोलरच्या शेजारी उभा राहिलो त्यामुळे. शनिवार होता, सकाळचे सात, मस्कतचा मोठा रस्ता जवळजवळ रिकामा, आणि मी सीबच्या मासळीबाजारात सुरमई आणायला निघालो होतो. काटा ऐंशीवर गेला तशी भुणभुण सुरू झाली. शंभरवर ती चढली, साठवर आणली तर खाली बसली. मी तीनदा वेग वाढवून-कमी करून पाहिला. मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवत, हातवारे करत पुढे निघून गेला. काचेआडून त्याचं तोंड हलताना दिसलं, त्याने माझ्या कुठल्या पिढीचा उद्धार केला तेही कळलं. पण कान काही काट्याबरोबर वाजत नाही. आवाज गाडीचा होता, मागून येत होता, डावीकडून, आणि ही गाडी परवाच्या गुरुवारपर्यंत पाच दिवस माझ्या जावयाकडे होती.

खजुरीच्या रांगेखाली गाडी घेतली आणि इस्त्रीच्या पायघोळ पांढऱ्या दिशदाशासकट मी डांबरावर गुडघे टेकले. उजवीकडची दोन ठीक. पुढचं डावं ठीक. मागच्या डाव्यावर हात ठेवला आणि हात तिथेच राहिला. नाव तेच, माप तेच, फक्त नावाच्या शेपटीला एक आकडा जास्त. नक्षी मात्र वेगळी. माझ्या तिघांचे ठोकळे सरळ, मधे नागमोडी चर; याचे ठोकळे तिरके, कडेने दातांसारखे बाहेर आलेले, आणि चर इतके खोल की माझं नख सबंध आत गेलं. रबराला अजून दुकानाचा वास होता. ठोकळ्यांवर नव्या टायरची ती बारीक केसं उभी होती. तारीख शोधली: याच वर्षातला अकरावा आठवडा. माझी चारही टायरं एकाच आठवड्यात बनलेली होती. तीन वर्षांपूर्वी दुकानदाराला गोदाम उपसायला लावून मी ती निवडून घेतली होती, दर दहा हजार किलोमीटरला त्यांच्या जागा फिरवत होतो, का तर चौघं सारखी झिजावीत. आणि ती झिजली होती, भावंडांसारखी. या गाडीची चारही चाकं एकदम ओढतात. त्यांत एक उंच झालं की बाकीच्यांशी त्याचं जमत नाही, आणि ते भांडण मधल्या दातेरी पेटीत जाऊन होतं, जिथे कुणाला दिसत नाही; वर्षा-दीड वर्षाने एक दिवस पेटीच मोडते. हे मी जावयाला सांगितलं होतं. किल्ली हातात देताना सांगितलं होतं. तेव्हा तो मान हलवत होता आणि बघत होता मोबाइलमध्ये.

"हवा गेली का, हाजी?" एक जाणारा माणूस थांबला. हातात माशांची पिशवी.

"नाही."

"मग वाकून काय बघताय?"

"तुझं काय हरवलंय इथे? जा, मासे नासतील."

तो गेला. गुडघ्यांवर डांबराचे दोन काळे ठिपके उठले होते. मला बरं वाटलं ते बघून. सकाळपासून कुणावर तरी ओरडायला सबळ कारण हवं असतं माणसाला. मला ते मिळालं होतं, नव्या रबराचा वास येणारं, हात लावून दाखवता येणारं.

मी गाडीत बसून जावयाला, मुहन्नाला, फोन लावला. हा मुहन्ना पहिल्यांदा आमच्या बैठकीत आला, माझ्या रय्याला मागणी घालायला, तेव्हा पहिल्याच कॉफीनंतर त्याने 'पुरे' म्हणून कप हलवला होता. पहिल्याच. त्याच्या काकाने तीन घेतल्या, थोरल्या भावाने तीन, आणि ज्याच्यासाठी आम्ही सगळे जमलो होतो त्याला घाई होती. बायको, झुवैना, मला आत म्हणाली, अहो घाबरलाय पोरगा. मी म्हटलं, घाबरलेला माणूस जास्त पितो. सहा वर्षं झाली त्याला. बंदराच्या माल-वाहतूक कंपनीत चांगली नोकरी, माझ्या मुलीशी आवाज चढवून बोलत नाही, नातीला खांद्यावर घेऊन फिरतो, आणि मी त्याच्याविरुद्ध अजून तो कप धरून आहे. धरून आहे हे मला माहीत आहे. माहीत असल्याने काही फरक पडत नाही.

"सलाम, काका! एवढ्या सकाळी?"

"मागचं डावं चाक."

"हां. ते. सांगणारच होतो. हत्तच्या उतारावर दगड लागला, बाजू कापली गेली. मी नवीन टाकलं, काका. त्याच कंपनीचं, त्याच नावाचं. त्याहून चांगलं आहे म्हणे, सुधारलेलं."

"तुला सुधारलेलं कुणी मागितलं होतं? आणि गाडी अल हम्राला आईकडे न्यायची म्हणून घेतलीस. हत्त मधे कुठे आलं?"

"सहज गेलो होतो."

"सहज? तो रस्ता सहज जायचा आहे? कोण होतं बरोबर?"

"कुणी नाही. मी एकटाच. टेन्शन घेऊ नका, काका."

"गाडी धुऊन दिलीस, टाकी भरून दिलीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"काका, गाडी धुतली तरी चुकलं का आता?"

मी फोन ठेवला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, हेच मला जास्त लागलं. खोटं बोलणारा माणूस भितो; तो तर मला सांभाळून घेत होता, म्हाताऱ्याला घेतात तसा. सुरमई बाजूला राहिली, मी गाडी वळवली आणि वादी कबीरची वाट धरली, रहीमगुलच्या दुकानाकडे, कारण जुन्या नक्षीचं एक चाक या शहरात कुठे असेल तर ते तोच काढून देईल अशी माझी खात्री होती. सबंध रस्ताभर भुणभुण मानेच्या मागे बसून होती. दोन्ही बाजूंना पांढऱ्या इमारती, काचा, दुकानांच्या पाट्या. यातला अर्धा रस्ता मी खुंट्या ठोकून आखलेला, तेव्हा इथे बकऱ्या बसायच्या. आता प्रत्येक चौकात कुणीतरी पोरगा मला हॉर्न वाजवतो. झुवैनाचा फोन आला.

"मिळाली सुरमई?"

"गाडीचं चाक बदललंय तुझ्या जावयाने."

"मग? जुनं फाटलं असेल."

"तुला माहीत होतं?"

"अबू रय्या," ती म्हणाली, आणि ती मला असं मुलीच्या नावाने बापपणाची आठवण करून देत हाक मारते तेव्हा पुढे उपदेश असतो, "आज सुट्टीचा दिवस आहे. मासे आणा, घरी या. चाक गोल आहे ना?"

तीसुद्धा. मी फोन बंद केला.

रहीमगुल पेशावरकडचा, वीसेक वर्षं वादी कबीरला. दाढी मेंदीने लाल केलेली, हात कायमचे काळे. मला बघून तो हसला नाही, उठला फक्त. सगळ्या गिऱ्हाइकांना तो अरबाब म्हणतो, मालक.

"या, अरबाब. मी म्हणतच होतो, आज नाहीतर उद्या येणार."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"चाक मीच चढवलं."

"तू? माझ्या गाडीला? तुझ्या हाताला लाज वाटली नाही?"

"जुन्याचा साचाच मोडला कंपनीने. सोहारला फोन केला, दुबईला केला. अख्ख्या आखातात असेल एखादं, पण तेही कोरंच असणार ना? तुमची तीन अर्धी झिजलेली. फरक राहिलाच असता." त्याने खिशातून चर मोजायची पट्टी काढली, न सांगता एकेका चाकात घातली. "सात मिलिमीटर. सात. साडेसहा. आणि हे चौदा. मी म्हटलं होतं, निदान मागची दोन्ही नवी घ्या, जोडी होईल. नको म्हणाली."

"कोण म्हणाली?"

रहीमगुलने पट्टी पुसली, पुसतच राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "रय्या बीबी. गुरुवारी दुपारी आली होती. छोटी मागे झोपली होती. मला विचारलं, बाबांना कळेल का? मी म्हटलं, बीबी, तुमच्या बाबांना हवा चिमूटभर कमी असली तरी कळते."

"मग?"

"मग काय. बसली थोडा वेळ या खुर्चीवर. पाणी दिलं."

त्या खुर्चीकडे मी बघितलं. प्लास्टिकची, एका पायाखाली लाकडाची ढलपी. रय्या तिच्यावर बसली होती, ऊन असं समोरून येत असणार, आणि ती या परक्या माणसाला विचारत होती की मला कळेल का. मला राग आला तो आता कुणावर ठेवायचा ते कळेना. जावई खोटं बोलला होता, मुलीने लपवलं होतं, बायकोला ठाऊक होतं, या पठाणालाही ठाऊक होतं. एका चाकाभोवती चार माणसं हात धरून उभी होती आणि मी बाहेर.

"जुनं कुठे आहे?"

"ठेवलंय. टाकू नका म्हणाली, बाबा बघायला मागतील."

मागच्या भिंतीशी ते उभं होतं. उचलून मी उजेडात आणलं. बाजूला चार बोटं लांब काप, सुरीने घातल्यासारखा. डोंगरातला चुनखडीचा दगड असाच कापतो. त्याचं मला काही नाही, तो कुणालाही लागतो. पण त्या कापापासून सबंध गोलात बाजूचं रबर चुरगळलं होतं, आतून बारीक काळा भुगा पडत होता. हवा गेल्यावर गाडी चालवली होती. थांबवली नव्हती.

"किती गेली असेल अशी?"

"किलोमीटर. दीड."

"वेड्यासारखी."

"नाही, अरबाब. अगदी सावकाश. वेगात गेली असती तर रिंग गेली असती. रिंगवर ओरखडा नाही, बघा तुम्ही."

मी रिंग बघितली नाही. सरळ गाडीत बसलो आणि अल खौदला रय्याच्या घराकडे निघालो. ऊन वर आलं होतं, काचेतून मांडीवर पडत होतं, आणि मी बोलायची वाक्यं जुळवत होतो, एकाहून एक धारदार. हत्तच्या त्या उतारावर, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, चार वर्षांची पोरही मागे असली तर, आणि बसलेल्या चाकावर दीड किलोमीटर. मला उगाच वाळवंटातला हैमाचा तळ आठवला. मी पंचवीसचा असेन. वाळूत आम्ही सलालाच्या रस्त्याची आखणी करत होतो, आठ आठ दिवस तंबूपलीकडे काही दिसायचं नाही, आणि रेडिओवर कुणी ओरडलं की गाडी उलटली, तर मी पहिलं विचारायचो, गाडी कुठली? नंबर काय? कारण नंबर कळला की माणसं कळायची. सातमध्ये सुवैद आणि दोन मजूर, अकरामध्ये साहेब. एकदा पलीकडून उत्तर आलं, सात. सुवैदच्या बायकोला सांगायला मी गेलो तेव्हाही माझ्या तोंडून आधी गाडीचंच निघालं होतं. आज हे का आठवावं? मी खिडकीची काच वर केली, वारा नको झाला होता.

दार मुहन्नाने उघडलं. घरातली लुंगी, हातात नातीचा एक बूट. "या, काका," म्हणाला, आणि बाजूला झाला. त्याच्या मागे दिवाणखान्यात खोके होते. भिंतीला लावून, एकावर एक, सात-आठ खोके, चिकटपट्टी मारलेले. कपाटाचा वरचा खण रिकामा. मी खोक्यांकडे बघतोय हे त्याने बघितलं. रय्या स्वयंपाकघराच्या दारात आली, ओले हात, आणि तिथेच थांबली. नात तेवढी, मयासा, धावत आली आणि माझ्या गुडघ्यावरचा काळा ठिपका बोटाने घासू लागली.

"कोण चालवत होतं?" मी विचारलं.

"मी, काका."

"तुला विचारलं नाही."

"आजोबा, चाक फुटलं ना आमचं!" मयासा म्हणाली. "आईने बदललं. मी मोठ्या दगडावर बसले. आई म्हणाली हलायचं नाही, तर मी हललेच नाही."

"मुहन्ना, पुरे झालं तुझं आता," रय्या नवऱ्याला म्हणाली. मग हात ओढणीला पुसत माझ्याकडे बघून, "मी चालवत होते. बसा, बाबा. कॉफी आणते."

"कॉफी नको. हे खोके कसले?"

ती बसली, मी उभा राहिलो. "सलालाला बदली झाली याची. बंदरावर. महिना झाला कळून. मी रोज म्हणत होते, उद्या बाबांना सांगते. अल हम्राला सासूबाईंसमोर हा म्हणाला, तू सांगत नाहीस तर मी सांगतो. मला राग आला. म्हटलं, तू कोण सांगणारा, मी आत्ता जाते. हिला उचललं, किल्ली घेतली आणि निघाले. डोंगरावरून रुस्ताकला उतरलं की जवळ पडतं म्हणून."

"जवळ पडत नाही तो रस्ता. अंतर कमी, वेळ दुप्पट."

"माहीत आहे, बाबा."

"आणि हवा गेलेल्या चाकावर दीड किलोमीटर चालवलीस."

"सपाट जागा येईपर्यंत. उतारावर जॅक लावायचा नाही."

ते वाक्य माझं होतं. ती अठराची होती, लायसन मिळून आठवडा झाला होता, जूनचा महिना, आणि मी तिला मोकळ्या प्लॉटवर नेऊन चाक बदलायला लावलं होतं. एकदा नाही, चारदा. काढ, लाव. काढ, लाव. तिसऱ्या वेळी तिच्या तळहाताला फोड आला, तिने मुठीत लपवला, मला दिसला होता. चौथ्यांदा तिने अकरा मिनिटांत लावलं. घरी येताना ती बोलली नाही. मीही बोललो नाही. अकरा मिनिटं हे मी खात्यातल्या प्रत्येकाला सांगितलं होतं, झुवैनाला सांगितलं होतं, मासेवाल्याला सांगितलं होतं.

"मी पोचलो तेव्हा हिने नटही आवळले होते, काका," मुहन्ना म्हणाला. "मला करायला काही ठेवलंच नव्हतं."

"तू गप्प बस. सकाळी माझ्याशी खोटं बोललास."

"बोललो."

"म्हणजे फोन याला केलास," मी रय्याला म्हटलं. "वर घाटात फोन लागतो. मला का नाही केलास?"

"तुम्हाला केला असता तर तुम्ही आला असता."

"आलोच असतो! मिळेल ती गाडी घेऊन, दोन तासांत आलो असतो!"

"तेच म्हणते." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आला असता, आणि घरी येईपर्यंत सबंध रस्ता ते एक चाक. सलालाचं मी कुठल्या वळणावर सांगायचं होतं? मला सगळं पाठ आहे, बाबा, तुम्ही काय काय बोलला असता ते. तिथे बसून मी मनात म्हणून बघितलं. मग याला फोन केला."

मला तेव्हा पुष्कळ बोलायचं होतं. हजार किलोमीटर. मी ते एकेक मोजलेत, तिथे वळण नाही, झाड नाही, माणसाला डुलकी लागते आणि उंट आडवा येतो. नात तिकडे मोठी होईल, तिकडचं बोलायला लागेल, ईदला येईल तेव्हा माझ्या मांडीवर बसायला लाजेल. हे सगळं एकदम वर आलं, आणि जे बाहेर पडलं ते माझ्याच कानांनी मी ऐकलं:

"स्पेअरमध्ये हवा बघितली होतीस का निघण्याआधी? आठ वर्षांचं आहे ते."

रय्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "नव्हती बघितली."

"आणि सलालाला त्या तुमच्या डबड्या गाडीतून जाणार? हजार किलोमीटर?"

"विमानाने, काका," मुहन्ना म्हणाला. "गाडी ट्रकवरून येईल."

"जा. विमानाने जा. मला काय विचारता, कुणी विचारलंय आजवर?" मी मयासाचा हात गुडघ्यावरून काढला, दार उघडलं आणि जिना उतरलो. मागे मयासा म्हणत होती, आजोबा रागावले का, आणि कुणीतरी तिला हळू आवाजात काहीतरी सांगत होतं.

खाली गाडी भट्टीसारखी तापली होती. मी आत बसलो, किल्ली फिरवली नाही, काचा वर तशाच. स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसला, तरी हात काढला नाही. समोर कुणाच्या तरी मुलांनी भिंतीवर खडूने फुटबॉलचा गोल काढला होता. मला वाटत होतं, आता मुहन्ना येईल, काका चला वर म्हणेल, आणि मी त्याला काय ऐकवायचं ते तयार होतं. कपाची गोष्टसुद्धा आज काढायची होती. पण काचेवर टकटक झाली ती बोटाच्या पेराने, आणि बाहेर रय्या उभी होती. पायात चपला नव्हत्या. तापलेल्या फरशीवर ती एक पाय उचलत होती, मग दुसरा.

"काच खाली घ्या, बाबा."

घेतली. ती माफी मागणार असं मला वाटलं, आणि ती कशी नाकारायची याचा विचारही करून झाला. ती खिडकीत वाकली. तिच्या कपाळावर घाम होता, आणि तळहात दारावर टेकलेला.

"आम्हाला दोघींना काही लागलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगायला आले."

आणि पाय भाजत होते म्हणून ती पळतच वर गेली.